केसपेपरच्या प्रती: मागायच्या कशा आणि अडवल्या तर मिळवायच्या कशा

आईच्या पोटातली गाठ काढली, सहा दिवसांनी घरी सोडलं आणि आठवड्याभराने बायोप्सीचा रिपोर्ट हातात पडला. पुढचे उपचार परळच्या टाटा मेमोरियलमध्ये दाखवून ठरवायचे, असं आम्हा भावंडांचं ठरलं. तिथे आधीच्या ऑपरेशनचे सगळे कागद लागतात, म्हणून मी नर्सिंग होममध्ये गेले. काउंटरवरच्या ताई म्हणाल्या, “डिस्चार्ज कार्ड दिलंय ना? त्यात सगळं आहे.” दुसऱ्या दिवशी फाईल सरांच्या केबिनमध्ये होती आणि सर ओटीत होते. तिसऱ्या दिवशी सर भेटले. माझ्याकडे न बघता म्हणाले, “हॉस्पिटलचे कागद आम्ही बाहेर देत नाही. कुठे जायचंय तिथे जा, ते नव्याने तपासतील.”

त्या तीन फेऱ्यांचा माझ्याकडे एकही पुरावा नव्हता. मी कधी गेले, काय मागितलं, कोण काय बोललं, सगळं हवेतच. नात्यात आणि सोसायटीत आता कुणीही कागदांसाठी हेलपाटे घालत असलं की मी पहिला प्रश्न विचारते: तुमच्याकडे पोच आहे का? बहुतेकांकडे ती नसते.

नियम काय आहे

भारतीय वैद्यक परिषदेने २००२ मध्ये डॉक्टरांच्या व्यावसायिक आचरणाचे विनियम केले, ते आजही लागू आहेत. त्यातला १.३.१ सांगतो की दाखल झालेल्या रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्याच्या तारखेपासून ३ वर्षं जपून ठेवायच्या. १.३.२ सांगतो की रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने नोंदी मागितल्या तर त्या मागणीची पोच द्यायची आणि ७२ तासांत कागद द्यायचे. ते न दिल्यास तो डॉक्टरचा गैरवर्तनाचा प्रकार ठरतो, हे त्याच विनियमांच्या ७.२ मध्ये स्वच्छ लिहिलेलं आहे. म्हणजे पोच मागणं हा आगाऊपणा नाही, ती नियमातच आहे.

इंटरनेटवर काही ठिकाणी ‘५ कामकाजाचे दिवस’ असं वाचायला मिळतं. ते २ ऑगस्ट २०२३ च्या नव्या नियमावलीतलं आहे. ती नियमावली त्याच महिन्याच्या २३ तारखेला स्थगित झाली, त्यामुळे अर्जात ७२ तासच लिहा.

महाराष्ट्रातल्या माणसाला आणखी एक आधार आहे. मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्येच सांगितलं की रुग्णाने किंवा त्याच्या जवळच्या नातेवाइकाने केसपेपरच्या प्रती मागितल्या तर गोपनीयतेचं कारण पुढे करून डॉक्टरला किंवा हॉस्पिटलला त्या नाकारता येणार नाहीत. प्रतींचा वाजवी खर्च मात्र घेता येतो.

एक मर्यादा आधीच समजून घ्या. ३ वर्षांचं बंधन दाखल रुग्णांच्या नोंदींसाठी आहे. गल्लीतल्या दवाखान्यात तापासाठी दाखवलं असेल, तर डॉक्टरांकडे तुमचा ओपीडी पेपर असेलच असं नाही. अनेक ठिकाणी तो तुमच्याच हातात देतात, म्हणून घरातल्या पिशव्या आधी धुंडाळा.

नेमकं काय मागायचं

‘फाईल द्या’ म्हटलं की डिस्चार्ज कार्डची झेरॉक्स हातात पडते. डिस्चार्ज कार्ड हा गोषवारा असतो. खरा तपशील आतल्या कागदांत असतो, त्याला बोलीत आयपीडी पेपर किंवा इनडोअर केसपेपर म्हणतात. अर्जात कागदांची नावं लिहा:

- दाखल करतानाचा तपासणी कागद आणि डॉक्टरांच्या रोजच्या नोंदी
- नर्सिंग नोट्स, ताप-नाडी-बीपीचा तक्ता, औषधांचा तक्ता
- ऑपरेशन झालं असेल तर ओटी नोट्स, भूल दिल्याची नोंद, सही केलेली संमतीपत्रं
- रक्त, लघवी, बायोप्सी वगैरे सर्व रिपोर्ट
- एक्स-रे, सोनोग्राफी, सीटी, एमआरआयचे रिपोर्ट, फिल्म आणि सीडी
- बाबवार बिल आणि पावत्या

सीटी किंवा एमआरआयची सीडी आवर्जून मागा. फिल्मवर निवडक चित्रं छापलेली असतात. सीडीत तपासणी पूर्ण असते आणि दुसरे डॉक्टर ती स्वतःच्या स्क्रीनवर मागेपुढे करून बघू शकतात. बायोप्सी झाली असेल तर स्लाइड आणि ब्लॉकही मागायचे, त्याबद्दल पुढे सांगते.

मूळ फाईलसाठी हट्ट धरू नका. ती जपून ठेवण्याची जबाबदारी हॉस्पिटलवर असते आणि त्यावरून वाद घालण्यात दिवस जातात. शिक्का आणि सही असलेली सत्यप्रत मिळाली की काम भागतं.

मागणार कोण

रुग्ण स्वतः जाऊ शकत असेल किंवा सही करू शकत असेल, तर अर्ज त्याच्याच नावाने करा. तो सर्वात सोपा मार्ग. दुसरं कुणी जाणार असेल तर साध्या कागदावर रुग्णाच्या सहीचं अधिकारपत्र द्या आणि दोघांच्या ओळखपत्रांच्या प्रती जोडा. लहान मुलासाठी आई किंवा वडील अर्ज करतात. रुग्ण दगावला असेल तर जवळच्या नातेवाइकाने मृत्यूचा दाखला आणि नात्याचा पुरावा जोडावा. अशा घरात कागद मागायला जायची ताकद कुणात नसते, हे मी जवळून पाहिलं आहे. तरी अर्ज लवकर करा, ३ वर्षांचा काटा थांबत नाही.

मानसिक आजाराच्या उपचारांसाठी २०१७ चा वेगळा कायदा आहे. त्यातही रुग्णाला आपल्या मूलभूत नोंदी मिळण्याचा हक्क आहे. मात्र एखादी माहिती दिल्याने रुग्णाला गंभीर मानसिक त्रास होईल किंवा दुसऱ्या कुणाला इजा होण्याचा संभव असेल, तर तेवढी माहिती डॉक्टर रोखू शकतात. त्यावर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे दाद मागता येते.

अर्ज असा लिहा

एक पान पुरे. राग, आरोप, ‘तुमच्या हलगर्जीपणामुळे’ असं काहीही त्यात नको. तुम्ही कागद मागताय, तक्रार करत नाही आहात.

प्रति,
मा. वैद्यकीय संचालक,
(हॉस्पिटलचे नाव व पत्ता)

विषय: आंतररुग्ण नोंदींच्या सत्यप्रती मिळणेबाबत.

महोदय/महोदया,
माझी आई श्रीमती (नाव), वय (वर्षे), आयपीडी क्र. (क्रमांक), ही आपल्या रुग्णालयात दि. (तारीख) ते दि. (तारीख) या काळात दाखल होती. पुढील उपचारांसाठी तिच्या संपूर्ण आंतररुग्ण नोंदींच्या, पानक्रमांक घातलेल्या सत्यप्रती आवश्यक आहेत. कागदपत्रांची यादी व तिचे अधिकारपत्र सोबत जोडले आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचरण विनियमांतील १.३.२ नुसार या प्रती ७२ तासांत द्याव्यात, ही विनंती. प्रतींचा वाजवी खर्च भरण्यास मी तयार आहे. यातील एखादी नोंद उपलब्ध नसल्यास तसे लेखी कळवावे.

आपली विश्वासू,
(सही, नाव, पत्ता, फोन, तारीख)

शेवटून दुसरं वाक्य, खर्च भरायच्या तयारीचं, काउंटरवरचा ताण बराच कमी करतं. आणि ‘उपलब्ध नसल्यास तसे लेखी कळवावे’ हे अजिबात गाळू नका. ‘सापडत नाही’ असं तोंडी म्हणणं सोपं असतं, ते सही करून देताना माणूस पुन्हा एकदा कपाट उघडून बघतो.

कारण सांगण्याची सक्ती नियमात नाही. पण पुढचे उपचार किंवा मेडिक्लेम हे खरं कारण असेल तर लिहा. छोट्या नर्सिंग होमच्या डॉक्टरांना बहुतेक वेळा एकच धास्ती असते, की कागद वकिलाकडे जाणार. खरं कारण समोर दिसलं की काही जण लगेच सैल होतात.

पोच कशी घ्यायची

अर्जाच्या दोन प्रती न्या. एक द्या, दुसरीवर शिक्का, तारीख, वेळ आणि घेणाऱ्याची सही मागा. वेळ महत्त्वाची, कारण मुदत तासांत मोजली जाते. मोठ्या हॉस्पिटलमध्ये रेकॉर्ड विभाग असतो, तिथे छापील फॉर्म भरून घेतात आणि पावती देतात. तसं असेल तर त्यांचाच फॉर्म भरा, आपला अर्ज मागे जोडा.

मला काउंटरवर ऐकायला मिळालं, “सरांना विचारल्याशिवाय शिक्का मारता येत नाही.” त्या ताईंची नोकरी त्या शिक्क्यावर अवलंबून होती, त्यांच्याशी भांडून काही मिळणार नव्हतं. मी तिथून सरळ पोस्टात गेले आणि तोच अर्ज टपालाने पाठवला. घरी येऊन त्याचा फोटो हॉस्पिटलच्या ईमेलवर आणि व्हॉट्सॲपवर पाठवला. टपालखात्याने २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन केलं आहे, त्यामुळे आता काउंटरवर स्पीड पोस्टसोबत नोंदणी आणि पोहोच पुरावा अशी सेवा मागून घ्यायची. ट्रॅकिंगवर ‘डिलिव्हर्ड’ दिसलं की त्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. ७२ तास तिथून मोजा.

माझा अर्ज पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. “मॅडम, झेरॉक्स काढून ठेवलीय, घेऊन जा.” डॉक्टर तेच होते. फरक पडला होता तो फक्त तारीख असलेल्या कागदाने.

नेहमी ऐकू येणारी उत्तरं

“बिल बाकी आहे.” बिलाचा हिशेब वेगळा, नोंदींचा वेगळा. ७२ तासांच्या नियमात बिल चुकतं करण्याची अट घातलेली नाही. बाकी असेल तर ती मान्य करा, कधी भराल ते सांगा, पण अर्ज मागे घेऊ नका.

“तुम्ही सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज घेतलात.” घेतला असेल. त्या दिवसापर्यंत झालेल्या उपचारांच्या नोंदी तरीही तुमच्या हक्काच्या आहेत.

“मूळ कागद टीपीएकडे गेलेत.” टीपीए म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणारी संस्था. कॅशलेस असेल तर हे खरं असू शकतं. हॉस्पिटलकडे स्थळप्रत असते, तिची प्रत मागा. सोबत विमा कंपनीलाही ईमेल टाका, दाव्यासोबत आलेले कागद त्यांच्याकडे असतात.

“पोलीस केस आहे.” अपघात, भाजणं, विषबाधा अशा प्रकरणांत मूळ कागद पोलीस किंवा न्यायालय मागवू शकतं. हॉस्पिटलला तुम्हाला प्रत द्यायला त्याने आडकाठी येत नाही. मूळ कागद सुपूर्द झाले असतील तर कुणाकडे आणि कोणत्या तारखेला, हे लिहून मागा.

“आधी सांगा, कुठल्या डॉक्टरकडे जाताय?” याचं उत्तर द्यायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. दुसरं मत घेणं हा रुग्णाचा हक्क आहे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तयार केलेल्या आणि केंद्राने २०१९ मध्ये राज्यांकडे पाठवलेल्या रुग्ण हक्क सनदेतही तो आहे.

प्रती हातात आल्यावर

काउंटर सोडण्याआधी बाजूच्या बाकावर बसा आणि पानं मोजा. मला ४३ पानं मिळाली होती. चाळताना लक्षात आलं, भूल दिल्याची नोंद आहे पण ओटी नोट्स नाहीत. आत काय सापडलं, काय काढलं, काय ठेवलं, हे सगळं त्या एका पानावर असतं. टाटामध्ये पहिला प्रश्न त्याचाच येणार होता. मी परत काउंटरवर गेले, पावतीच्या मागे ‘ओटी नोट्स मिळाल्या नाहीत’ असं लिहून सही मागितली. वीस मिनिटांत ते पान आलं.

तारखा सलग आहेत का, प्रत्येक पानावर रुग्णाचं नाव आहे का, पाठपोट लिहिलेल्या पानांच्या दोन्ही बाजू आल्यात का, हे बघा. झेरॉक्सवाला घाईत पाठची बाजू सोडतो. खाडाखोड दिसली तर तिथे वाद न घालता त्या पानाचा फोटो काढून ठेवा.

स्लाइड आणि ब्लॉक

बायोप्सीचा तुकडा मेणात बसवून ठेवतात, तो ब्लॉक. लहान प्लॅस्टिकच्या चौकटीतला मेणाचा चौकोन, अंगठ्याच्या पेराएवढा, कडेला नंबर लिहिलेला. त्याचे अतिपातळ काप काढून काचेवर चढवले की स्लाइड तयार होते. कॅन्सरच्या उपचारात दुसरं रुग्णालय नुसत्या रिपोर्टवर बहुधा विसंबत नाही, स्लाइड आणि ब्लॉक स्वतः तपासतं.

हे बहुधा हॉस्पिटलकडे नसतात, लॅबकडे असतात. रिपोर्टवर लॅबचं नाव असतं, थेट तिथे अर्ज द्या. काही लॅब अनामत घेतात, काही नव्या हॉस्पिटलचं पत्र मागतात, तेव्हा आधी फोन करून विचारा. हातात घेताना ब्लॉकवरचा आणि स्लाइडवरचा नंबर रिपोर्टवरच्या नंबराशी अंक अंक जुळवा. दुसऱ्याच्या नंबराचा ब्लॉक गेला तर निदान दुसऱ्याचं होईल. मेण उन्हाने मऊ पडतं, म्हणून उन्हात उभ्या गाडीत ते ठेवू नका. मी आईचे ब्लॉक रुमालात गुंडाळून डब्यात ठेवले आणि लोकलमध्ये डबा मांडीवर धरून बसले होते.

७२ तास उलटले, तरी काही नाही

आधी एक स्मरणपत्र, दोन ओळींचं: अमुक तारखेच्या अर्जाची मुदत संपली, दोन दिवसांत प्रती न मिळाल्यास संबंधित अधिकाऱ्यांकडे तक्रार करावी लागेल. बरेच जण लगेच वकिलाची नोटीस पाठवतात. कागदच हवे असतील तर मी ती घाई करू नका म्हणेन. नोटीस आली की फाईल हॉस्पिटलच्या वकिलाच्या टेबलावर जाते आणि तिथे दिवस जातात.

त्यानंतर पहिलं दार स्थानिक पर्यवेक्षी प्राधिकरणाचं. खासगी नर्सिंग होमची नोंदणी महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियमाखाली होते. महापालिका हद्दीत पालिकेचा आरोग्य विभाग ती बघतो, बाहेर जिल्हा शल्यचिकित्सक किंवा जिल्हा आरोग्य अधिकारी. जानेवारी २०२१ मध्ये नियम बदलले आणि रुग्ण हक्क सनद दर्शनी भागात लावणं हॉस्पिटलला बंधनकारक झालं. प्राधिकरणाने तक्रार निवारण कक्ष आणि टोल फ्री क्रमांक ठेवायचा, हेही त्या नियमांत आहे. कागद मिळवण्यापुरता हा मार्ग मला सर्वात कामाचा वाटतो, कारण हॉस्पिटलची नोंदणी याच कार्यालयाच्या हातात असते. तिथल्या एका फोनने काम झालेलं मी दोनदा पाहिलं आहे.

दुसरं दार महाराष्ट्र वैद्यक परिषदेचं. इथे तक्रार हॉस्पिटलविरुद्ध नाही, डॉक्टरविरुद्ध होते, म्हणून डॉक्टरचं पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक लिहा. तो प्रिस्क्रिप्शनवर छापलेला असतो. अर्ज, पोच, स्मरणपत्र जोडा. किती प्रती आणि प्रतिज्ञापत्र हवं का, हे परिषदेकडे विचारून घ्या. तक्रारीचा निर्णय ६ महिन्यांत व्हावा असं विनियम म्हणतात. तेव्हा तातडीच्या उपचारासाठी कागद हवे असतील तर फक्त याच्यावर अवलंबून राहू नका. डॉक्टर आयुर्वेद, होमिओपॅथी किंवा दातांचे असतील तर त्यांच्या परिषदा वेगळ्या आहेत.

तिसरं दार ग्राहक आयोगाचं. पैसे देऊन घेतलेल्या उपचारांना ग्राहक कायदा लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच ठरवलं आहे. नोंदी न देणं ही सेवेतली त्रुटी म्हणून मांडता येते. तक्रार २ वर्षांच्या आत करावी लागते आणि उपचारांसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात शुल्क नाही. वकील लावलाच पाहिजे असं नाही. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर बोलून बघा.

सरकारी किंवा पालिकेचं रुग्णालय असेल तर

आधी रेकॉर्ड विभागात साधा अर्ज. तो अडला तर माहितीचा अधिकार. रुग्णालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, प्रतींचे पानाला २ रुपये. मुदत ३० दिवसांची, पण माहिती एखाद्याच्या जीविताशी निगडित असेल तर ४८ तासांची. गंभीर रुग्णाच्या उपचारासाठी कागद हवे असतील तर हे अर्जात पहिल्याच ओळीत लिहा आणि नव्या डॉक्टरांची चिठ्ठी जोडा. उत्तर आलं नाही तर ३० दिवसांत प्रथम अपील करा.

माणूस अजून ॲडमिट असेल तर

मग तुम्ही सर्वात चांगल्या जागी आहात. मानवाधिकार आयोगाच्या सनदेनुसार दाखल असतानाही प्रती मागता येतात, शक्यतो २४ तासांत. रोजचे रिपोर्ट राउंडच्या वेळी डॉक्टरांना विचारून मोबाईलवर टिपून घ्या. सिस्टरला चोरून फाईल दाखवायला सांगू नका, बोलणी तिला खावी लागतात. रुग्णाला दुसरीकडे हलवायचं असेल तर प्रतींसाठी अॅम्ब्युलन्स थांबवू नका. चालू औषधं, शेवटचे रिपोर्ट आणि काय उपचार झाले एवढं लिहिलेली सही-शिक्क्याची चिठ्ठी घेऊन निघा. बाकीच्या कागदांचा अर्ज घरातल्या दुसऱ्या माणसाने त्याच दिवशी द्यावा आणि त्याची पोच घेऊनच घरी यावं.